डाव्या हातांचा वर्ग

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या बिद्रीकडच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. आई म्हणते, या पोरीला मास्तरीण करण्यापेक्षा फौजदारीण केली असती तर बरं झालं असतं. पण त्या आठवड्यात मला जो राग यायला हवा होता, तो दोन दिवस उशिरा आला. आणि आला तेव्हा त्यातला निम्मा माझ्यावरच होता. म्हणून हे लिहिते आहे.

मी क्रांती. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोळा आठवड्यांच्या अनुभवासाठी आम्हाला कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये धाडलं होतं. शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, तीच एक शाळा तसली. तसं असतं तर मला एवढा राग आला नसता.

पहिले चार आठवडे आमचं काम एकच. मागच्या बाकावर बसायचं, पाठ बघायचा आणि निरीक्षण वही भरायची. वहीत छापील रकाने असतात. आशयज्ञान, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण. पुढं ‘उत्तम’ किंवा ‘चांगले’ लिहायचं. तिसराही एक शब्द छापलेला आहे, ‘असमाधानकारक’. पण शेवटी त्याच मास्तरांची सही घ्यायची असल्यामुळे तो शब्द आजवर कुणी वापरलेला माझ्या ऐकिवात नाही. मीही नाही वापरला.

पाचव्या आठवड्यात सिग्ने आली. डेन्मार्कची. ती माझ्यासारखीच शिक्षिका व्हायला शिकत होती. तिच्या कॉलेजचा आणि आमच्या कॉलेजचा काहीतरी करार होता आणि त्यात परदेशातल्या शाळेत एक आठवडा वर्ग-निरीक्षण करायचं, असं तिला होतं. परदेश म्हणजे आम्ही. माझं इंग्रजी बरं म्हणून दुभाषी मी. रविवारी आम्ही तिला नृसिंहवाडीला नेऊन आणलं. तिथं तिनं तीर्थासाठी डावा हात पुढं केला. ‘उजवा हात करा बाई,’ असं पुजाऱ्यांनी सांगितल्यावर मुकाट्यानं बदलला. परत येताना गाडीत तिनं सांगितलं, मी डावखुरी आहे. माझी आजीही डावखुरी होती, शाळेत तिचा डावा हात पाठीमागं बांधून ठेवायचे. मी ‘अगं बाई’ म्हटलं आणि विसरून गेले.

सोमवारी आमचे मुख्याध्यापक धैर्यशील सर यांनी तयारी काढली. रांगोळी, फेटा, लेझीम, सगळं ठरलं. पाठ कुणाचा दाखवायचा? अर्थातच इंगवले सरांचा. अमरसिंह इंगवले सर म्हणजे शाळेचं गणित. आवाज असा की तीन वर्गांना एकाच वेळी शिकवता यावं. ते सातवी ब मध्ये गेले, मी मागच्या बाकावर असतानाच दार लावून घेतलं आणि म्हणाले, “उद्या पावणी येणार हाय. परदेशातली हाय. प्रश्न इचारला की सगळ्यांचं हात वर. एकबी हात खाली दिसता कामा न्हाय. येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा. मी उजव्यालाच इचारनार. कळलं?”

पोरं “व्हय सर” म्हणाली, तीही वाक्य संपायच्या आधी. पाचवीपासून प्रत्येक तपासणीला हेच चाललेलं. पण मला खरा धक्का पुढं बसला. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. डाव्या हाताची यादी. तेवीस नावं. म्हणजे प्रश्न ऐकून, आपल्याला येतं की नाही हे बघून हात ठरवायचीसुद्धा मुभा नव्हती. प्रश्न अजून जन्मालाही आला नव्हता आणि तेवीस पोरांना त्याचं उत्तर येत नाही, हे सरांच्या खिशात लिहून तयार होतं.

त्या यादीत सतरावं नाव विद्याश्रीचं.

विद्याश्री पाचवीत या शाळेत आली. वडील महांतेश शिरोलीच्या फौंड्रीत लागले म्हणून हे कुटुंब संकेश्वरच्या पलीकडनं इथं आलं. चौथीपर्यंत ती कन्नड शाळेत होती. पाचवीत तिला मराठी येत नव्हतं, म्हणून तिला डावा हात मिळाला. आता ती आमच्यासारखीच बोलते, भांडतेसुद्धा. पण यादीतलं नाव काही हललं नाही. तिचं एवढंच की तिला वेळ लागतो. गणित वाचते, ओठ हलवते, मनातल्या मनात आधी अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाषेत घोळवते आणि मग लिहिते. रिकाम्या तासाला मी महिनाभर तिच्या वह्या तपासल्या होत्या. दहातली आठ बरोबर असायची.

त्या सोमवारीच तास संपल्यावर तिनं मला गाठून विचारलं, “मॅडम, माझी गणितं बरोबर हायत न्हवं? मग सरांस्नी सांगा की, मला उजवा करा म्हणून. मला एकदा इचारा म्हणावं.”

मी सांगितलं सरांना. ते हसले. “येतंय वो तिला, न्हाय कोण म्हणतंय? पर पावण्यांम्होरं ती दोन मिनिटं गप उभी ऱ्हायली तर अब्रू माझी जाणार. तिची कशानं जातीय?”

मी वहीत प्रश्नकौशल्यापुढं ‘उत्तम’ लिहिलं.

मंगळवारचा पाठ असा झाला की बघत राहावं. प्रश्न पडला की एकेचाळीस हात सटासट वर. सर उजव्या हातांमधून एकेक वेचत होते आणि उत्तरं लाह्यांसारखी फुटत होती. सिग्ने माझ्या शेजारी बसली होती. तिच्याकडं छापील रकाने नव्हते, कोरा कागद होता. त्यावर तिनं आल्या आल्या सगळे बाक काढले, प्रत्येक पोरासाठी एक गोल केला आणि हात वर झाला की त्या गोलाला एक छोटी रेघ मारत राहिली. मनगटावरच्या घड्याळाकडंही बघत होती. मला वाटलं, कंटाळली असेल.

तीन छेद चार अधिक एक छेद सहा, असा एक प्रश्न होता. विद्याश्रीचा डावा हात वर होता, ताठ, आणि ओठ हलत होते. मग ते थांबले. तिनं उजव्या हातानं वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून बघितलं. अकरा छेद बारा. तोवर सरांनी पहिल्या बाकावरच्या ऋतुराजला विचारून, त्याच्याकडनं अकरा छेद बारा घेऊन, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. डावा हात खाली घेऊन तिनंही टाळ्या वाजवल्या.

पाठ झाल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आणि भडंग. सिग्नेचा चेहरा फुललेला होता. ती भराभर बोलत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, जगात दहा माणसांत एखादा डावखुरा असतो. तुमच्या या वर्गात एकेचाळिसांपैकी तेवीस आहेत! आणि परवा देवळात मला वाटलं होतं की इथं डावा हात चालत नाही. तुमच्या शाळेत मात्र कुणी कुणाला अडवत नाही. माझ्या आजीला अशी शाळा मिळायला हवी होती. हे मी माझ्या प्रबंधात लिहिणार. पण मला सांगा, इतकी डावखुरी मुलं एका वर्गात आली कशी?

“काय म्हणत्यात पावणं?” धैर्यशील सरांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. इंगवले सरांच्या घशात भडंग अडकलं, ते खोकत खोकत खिडकीकडं गेले. धैर्यशील सर मात्र मुरलेले. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “क्रांती, त्यांस्नी सांग, ही कोल्हापूरची माती हाय. हितं मर्दानी खेळाची परंपरा हाय. लाठी, दांडपट्टा. दोन्ही हात चालाय लागत्यात. म्हणून आमची पोरं डाव्यानंबी वाघ असत्यात.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

“बघतीस काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. सांग.”

माझ्या अनुभवाच्या प्रमाणपत्रावर याच माणसाची सही लागणार होती. ती नसली की बी.एड. अडकणार. हे माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लाठी फिरवताना मनगट कसं वळवतात, तेही माझ्या पदरचं घालून हातवारे करून दाखवलं. सिग्नेनं सगळं लिहून घेतलं. डाव्या हातानं.

बुधवारी त्या खोट्याला पाय फुटले. धैर्यशील सरांनी खेळाच्या मास्तरांना बोलावून पटांगणात लाठीचं प्रात्यक्षिक ठेवलं आणि त्यांना फिरवायला सांगितली ती डाव्या हातानं. बिचाऱ्यांनी दोनदा स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतली. स्टाफरूममध्ये हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखलं. हसण्यासारखं होतंच, मीही हसले. एक बाई म्हणाल्या, पुढच्या तपासणीला हेच सांगूया. सातवी ब च्या तेवीस पोरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, जणू ती पोरं म्हणजे रांगोळीतले ठिपके होते.

गुरुवारी सिग्ने तिचा कागद घेऊन माझ्याकडं आली. “मला या मुलीशी बोलायचं आहे,” ती म्हणाली. तिचं बोट ज्या गोलावर होतं त्याला चौदा रेघा होत्या. “सरांनी चौदा प्रश्न विचारले. हिचा हात चौदाही वेळा वर होता. हिला एकदाही विचारलं नाही. आणि सर उत्तरासाठी सरासरी दोन सेकंद थांबतात, मी मोजलं. ही काय म्हणते ते मला ऐकायचंय.”

त्या क्षणी तळपायाची आग मस्तकाला गेली. सिग्नेवर नाही. चार आठवडे मी त्याच बाकावर बसले होते, माझेही डोळे उघडेच होते. चौदा रेघा मारायला डेन्मार्कहून माणूस यावा लागला.

वाचनालयात आम्ही तिघी बसलो. सिग्नेनं आपला डावा हात पुढं करून दाखवला आणि हसून विचारलं, तू कधीपासून डाव्या हातानं लिहितेस? मी मराठीत विचारलं.

विद्याश्री गोंधळली. “मी उजव्याच हातानं लिवतो की, मॅडम. डावा नुसता वर करायचा असतोय.”

“काय म्हणाली?” सिग्नेनं विचारलं.

आता सांगते, त्या वेळी मला वाक्य फिरवता आलं असतं. दोन दिवसांत माझा हात त्यात चांगला बसला होता. विद्याश्री माझ्याकडं बघत होती, तिला वाटलं आपलं काही चुकलं. मी फिरवलं नाही. जे ती म्हणाली ते सांगितलं. मग यादीचं सांगितलं. मर्दानी खेळाचंही सांगितलं.

सिग्नेनं कागद उलटा करून ठेवला. “मंगळवारी तुला माहीत होतं?”

“हो.”

“मी तुमच्यासमोर रडले,” ती म्हणाली. “माझ्या आजीचं नाव घेतलं मी.”

तिनं विद्याश्रीपुढं कागद सरकवला, तीन छेद आठ अधिक पाच छेद बारा असं लिहिलं आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. विद्याश्रीनं ओठ हलवत, एकदा खोडून, एकोणीस छेद चोवीस काढलं. सिग्नेनं तिला आपल्या डॅनिश भाषेत काहीतरी म्हटलं. मला त्याचा अर्थ कळला नाही आणि मी विचारलाही नाही.

शुक्रवारी सिग्नेनं धैर्यशील सरांना तोंडावर विचारलं. माझ्यामार्फत नव्हे, सरळ, सोप्या इंग्रजीत, त्यांना कळेल असं. सर ‘यस यस, सिस्टीम, सिस्टीम’ म्हणत राहिले. ती गेल्यावर मला बोलावलं.

“पावण्यांम्होरं शाळेची लाज काढलीस. कुठल्या गावची गं तू? घरचं झाकायचं असतंय, एवढंबी आईबानं शिकवलं न्हाय?”

“सर, यादी तुम्ही केली आणि लाज मी काढली?”

“तोंड बघा हिचं! सहीला येशील न्हवं माझ्याकडं?”

चोर तो चोर वर शिरजोर, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हणायचं धाडस त्या दिवशी संपलं होतं.

शनिवारी सिग्ने गेली. आता काहीतरी सुधारेल, अशी माझी भाबडी समजूत होती. सुधारलं हे, की सोमवारी इंगवले सरांनी वर्गात फर्मान काढलं. “आजपासून डावा हात बंद. ज्याला खरंच येतंय त्यानंच हात वर करायचा, आणि ते कोण ते मला ठाव हाय. बाकीच्यांनी दोन्ही हात बाकावर. पुन्हा कुणी म्हणायला नको, सर खोटं करत्यात.” यादी तीच राहिली. तेवीस पोरं हात बाकावर ठेवून बसली. सर खरे ठरले, मी खरी ठरले, सगळे खरे ठरलो.

मधल्या सुट्टीत विद्याश्रीनं मला नळाजवळ गाठलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“तुम्ही कशाला सांगितलासा मॅडम? माझं म्हणनं काय हुतं? मला इचारा म्हणावं, एवढंच हुतं. तुम्ही त्या बाईंस्नी सगळं सांगितलासा आनि ती गेली बी. पैलं निदान हात तरी वर असायचा माझा!”

“अगं, पण ते खोटं होतं—”

“खोटं तुमचं हुतं, मोठ्या माणसांचं. आमचा हात खराच हुता.”

एवढं बोलून ती पाणी न पिताच गेली. धैर्यशील सरांनी दिलेल्या शिव्या मला लागल्या नव्हत्या, ही लागली. खरं बोलायची किंमत मला चार बोलणी खाऊन चुकवता आली, बाकी सगळी त्या बारा वर्षांच्या पोरीनं चुकवली. आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते!

त्याच आठवड्यात बुधवारी माझा वार्षिक पाठ, म्हणजे बी.एड.ची गुणांची परीक्षा, होती. वर्ग सातवी ब, घटक अपूर्णांकांची वजाबाकी. दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षक बाई येणार, शेजारी इंगवले सर बसणार. सरांचा माझ्यावरचा राग निवळला होता. मनानं ते वाईट नाहीत, त्याचाच तर संताप येतो. मला बाजूला घेऊन अगदी थोरल्या भावागत म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं. पस्तीस मिनिटं असत्यात. ऋतुराज, राजनंदिनी, ज्ञानू, अठरातली ती चुणचुणीत आठ पोरं हायत न्हवं, त्यांस्नीच इचारायचं. पाठ पार पडतोय का न्हाय बघा.”

आणि मी काय केलं असेल? पाठ टाचणाच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं, ती आठ नावं लिहून ठेवली. एवढ्या सगळ्या रागानंतर. परीक्षेचं भय असंच असतं, ते रागाला घरी ठेवून यायला लावतं.

पाठ बरा चालला. प्रस्तावना झाली, उदाहरणं झाली, पोरांनी साथ दिली. शेवटची पाच मिनिटं मूल्यमापनाची. फळ्यावर लिहिलं, दोन पूर्णांक एक छेद तीन वजा तीन छेद चार. मागं वळले. त्या आठांचेच हात वर होते, बाकी सगळे बाकावर. परीक्षक बाई वहीत लिहीत होत्या. माझी नजर सवयीनं ऋतुराजवर गेली आणि त्याचं नाव माझ्या तोंडात आलं.

तेवढ्यात मागून दुसऱ्या बाकावरची विद्याश्री उठून उभी राहिली. हात वर न करता, न विचारता. वर्गात असं कुणी उभं राहत नाही. परीक्षक बाईंनी मान वर केली.

“मॅडम,” ती म्हणाली, “मला लगीच येणार न्हाय. पर मला इचारा की.”

पोरं फिस्सकन हसली. इंगवले सर जागेवर चुळबुळले. परीक्षक बाई माझ्याकडं बघत होत्या आणि पाठाची चार मिनिटं उरली होती.

“विद्याश्री,” मी म्हटलं, “दोन पूर्णांक एक छेद तीनमधून तीन छेद चार गेले, तर किती उरले?”

ती फळ्याशी आली. खडू घेतला. ओठ हलवायला लागली. एक मिनिट गेलं. वर्गातलं हसणं आपोआप थांबलं. तिनं सात छेद तीन लिहिलं, खाली अठ्ठावीस छेद बारा लिहिलं, आणि पुन्हा थांबली. दुसरं मिनिट गेलं. ऋतुराजला उत्तर सांगायची घाई झाली होती, मी त्याला डोळ्यांनीच दाबलं. बाहेर शिपाई घंटेकडं निघालेला मला खिडकीतून दिसत होता.

“मॅडम,” मागच्या बाकावरून इंगवले सर हळूच म्हणाले, “वेळ चाललाय.”

“जाऊ द्या की सर,” मी म्हटलं. “तिची तीन वर्षं गेल्यात.”